कंपोस्ट टीचं किट, दसरा ते मृग वापरून झालं: पंप चांगला, पुड्या फालतू

मागच्या दसऱ्याला हे किट घेतलं, आता मृग लागला, म्हणजे आठ महिने झाले. दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी विचारते की "ते चहावालं किट कसं आहे गं, घेऊ का", आणि व्हॉट्सअॅपवर तेच तेच टाइप करून माझी बोटं दुखून राहिली, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते.

दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एक तर दुकानदाराशी माझं थोडं वाजलं (ते पुढे येतेच), आणि दुसरं म्हणजे हेच किट तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मिळते, ऑनलाइन पाहिलं तर बादली तीच, पंप तोच, फक्त स्टिकर वेगळा. नागपूरच्या सीताबर्डीवरून घेतलं एवढं पुरे.

डब्यात काय निघालं ते सांगते. झाकणाची २० लिटरची बादली, दोन नळ्यांचा एअर पंप (फिश टँकला लावतात ना, तोच, वेगळं काही नाही), दोन एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचे सच्छिद्र दगड, त्यातून बुडबुडे निघतात), नायलॉनची जाळीची थैली, आणि मग पुड्याच पुड्या. 'अॅक्टिव्हेटर' नावाच्या पाच, ह्युमिकच्या दोन, सीवीडच्या दोन, आणि एक चार पानांची पुस्तिका जिच्यात दोन पानं फोटोच आहेत. १,८५० रुपये. दुकानदार म्हणे, "मॅडम, पंधरा दिन में फरक नहीं दिखा तो वापस ले आना." हे वाक्य लक्षात ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंपोस्ट टी म्हणजे चहा-बिहा काही नाही. चांगलं मुरलेलं कंपोस्ट थैलीत भरून पाण्यात सोडायचं, थोडा गूळ घालायचा आणि २४ ते ३६ तास पंपानं पाण्यात हवा सोडत राहायची. कंपोस्टमधले जीवाणू-बुरशी पाण्यात उतरतात, गूळ खाऊन वाढतात, आणि ते पाणी तुम्ही कुंडीत टाकता. खत म्हणून यात नत्र-स्फुरद-पालाश फारच थोडं असते हे आधीच समजून घ्या, कारण पुस्तिकेत ते कुठेच लिहिलेलं नाही, उलट 'संपूर्ण आहार' असं छापलंय.

पहिली बादली मी पुस्तिकेप्रमाणेच केली. नळाचं पाणी सरळ भरलं, अॅक्टिव्हेटरची अख्खी पुडी, १०० ग्रॅम गूळ, अर्धी थैली कंपोस्ट, पंप चालू. रात्री बघते तर असा फेस, असा फेस, बादलीवरून उतू जाऊन बाल्कनीभर, जणू कोणी वॉशिंग पावडरचा डबा उपडा केला. मला वाटलं वा, काय जोरात काम चाललंय! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण काढलं आणि बाप्पा, मोरी तुंबल्यावर येतो ना तो वास. सासूबाई दिवाणखान्यातून म्हणाल्या, "अठराशे रुपये देऊन गटार घरात आणलं का?" आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त खिडकी उघडली.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. गूळ जास्त झाला की जीवाणू एकदम वाढतात, आणि एवढ्या जणांना श्वासाला ऑक्सिजन लागतो, तो पंप देतो त्यापेक्षा भराभर संपतो. ऑक्सिजन संपला की मग बिनहवेचे जंतू पुढे येतात आणि ते वास मारतात. असं पाणी झाडाला टाकायचं नसते. १५ लिटरला १५-२० ग्रॅम गूळ म्हणजे सुपारीएवढा खडा, बस. त्या पुडीत काय आहे ते पुडीवर धड लिहिलेलं नाही, पण मी चिमूटभर जिभेला लावून पाहिलं (करू नका, मी वेडी आहे), तर सरळ गोड लागलं. म्हणजे गूळ अधिक गूळ झाला होता.

दुसरी चूक नळाच्या पाण्याची. आपल्याकडे नळाला क्लोरीन असते, पाणी प्यायला शुद्ध राहावं म्हणून टाकतात ते बरोबरच आहे, पण ज्या जिवांना आपण वाढवायला निघालो त्यांनाच ते मारते. उपाय अगदी सोपा, आदल्या दिवशी पाणी उघड्या बादलीत भरून ठेवा, नाहीतर कंपोस्ट टाकायच्या आधी नुसता पंप तास-दोन तास चालवा, क्लोरीन उडून जाते. बोअरचं पाणी असेल तर हा प्रश्न नाही. पुस्तिकेत यावर एक अक्षर नाही, फोटोला दोन पानं आहेत पण या एका ओळीला जागा नाही.

दुसरी बादली चांगली चालली होती. रात्री दोन वाजता लाइट गेली, तासाभरानं आली, मला झोपेत काही कळलं नाही, सकाळी पाहते तर पंप मुका. हात लावला तर आतून पाणी गळून राहिलं. झालं असं की पंप मी खाली फरशीवर ठेवला होता आणि बादली स्टुलावर, तर पंप बंद पडल्याबरोबर बादलीतलं पाणी नळीतून उलटं खाली आलं आणि पंपातच शिरलं. पेट्रोल काढतात ना नळीनं तोंडानं ओढून, तसंच. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. हा व्हॉल्व्ह फिश टँकच्या दुकानात २० रुपयाला मिळतो, बोटाच्या पेराएवढा असतो. १,८५० च्या डब्यात २० रुपयाचा व्हॉल्व्ह यांना टाकता आला नाही.

दुकानात गेले तर ते "फरक नहीं दिखा तो वापस" वाले भैया एकदम बदलले. म्हणे पानी गया तो वॉरंटी नहीं. मी म्हटलं, पंप खाली ठेवू नका असं तुमच्या पुस्तिकेत कुठे लिहिलंय दाखवा. बराच वेळ पुस्तिका उलटीसुलटी केली, मग आतून नवीन पंप आणून दिला पण ३०० रुपये घेतलेच. पुढे मात्र त्या दुसऱ्या पंपानं तक्रारीला जागा ठेवली नाही. आवाज कमी, कूलरच्या घरघरीत तर ऐकूही येत नाही, ५ वॅटचा आहे म्हणजे ३६ तास चालला तरी पाव युनिटसुद्धा लागत नाही, आणि बुडबुडे इतके जोरात की पूर्ण बादली ढवळत राहते. किटमध्ये पैसे वसूल झाले ते इथेच.

आणि ती जाळीची थैली. शिलाई पक्की, जाळी ना फार बारीक ना फार मोठी, आठ महिने धुऊन-धुऊन वापरली तरी धागा निघाला नाही. तरीही फवाऱ्यात भरायच्या आधी पाणी जुन्या ओढणीतून गाळून घ्या. मी एकदा आळस केला आणि फवाऱ्याचं नोझल असं चोंदलं की टाचणीनं कोरत तासभर बसले होते गच्चीवर.

तिसऱ्या बादलीपासून गणित जमलं. पुड्या बाजूला ठेवल्या. आदल्या दिवशीचं पाणी १५ लिटर, कंपोस्ट साधारण ७०० ग्रॅम, गुळाचा खडा, सावलीत बादली, पंप उंच ठेवलेला, ३० तास. झाकण काढलं तर वर बोटभर जाडीचा तपकिरी फेस, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि वास? पहिला पाऊस पडल्यावर अंगणातून येतो तो. हे मी उगीच कवितेसारखं म्हणत नाहीये, मातीतले काही जीवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, पहिल्या पावसाच्या वासात पण तोच असतो. हा वास आला म्हणजे बादली जमली, आंबूस किंवा सडका आला तर सरळ फेकायची, झाडांवर प्रयोग करायचा नाही.

पंप बंद केला की चार-सहा तासांत वापरून टाकायचं, बाटलीत भरून ठेवायचं तर अजिबात नाही, कारण हवा थांबली की आतला ऑक्सिजन संपून पुन्हा तीच गटाराची गोष्ट. बाजारात 'रेडीमेड कंपोस्ट टी' म्हणून बंद बाटल्या मिळतात त्या मी म्हणूनच घेत नाही. चौथ्या बादलीचं तर झाडापर्यंत पोचणंच झालं नाही, मी अंघोळीला गेले तेवढ्यात कामवाल्या ताईंनी घाणेरडं पाणी समजून मोरीत ओतून दिलं, बादली घासून उपडी पण करून ठेवली. त्यांना काय बोलणार, बादली मात्र लखलखीत झाली होती. आता बादलीवर खडूनं 'झाडांचं' असं लिहून ठेवते.

धुण्यावरून आठवलं, दर वेळी एअर स्टोन, नळ्या, बादली लगेच घासायची. एक दिवस जरी तशीच राहिली तर आतून बुळबुळीत थर चढतो आणि पुढची बादली त्या थरापायीच बिघडते. स्टोन चोंदले तर मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवले की मोकळे होतात.

आता मुद्द्याचं. फरक पडला का?

मी नोव्हेंबरात वांग्याच्या सहा कुंड्या एकाच रोपवाटिकेच्या रोपांनी लावल्या, माती सारखी, ऊन सारखं. दोन कुंड्यांना दर पंधरा दिवसांनी पंपावरचा चहा. दोन कुंड्यांना तेच कंपोस्ट नुसतं बादलीत रात्रभर भिजवून काडीनं ढवळून गाळलेलं पाणी, ना पंप ना गूळ. आणि दोन कुंड्यांना काहीच नाही, फक्त तेच कंपोस्ट दोन मुठी वरून पसरून साधं पाणी. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तोडलेली वांगी मी कॅलेंडरवर लिहीत गेले. पंपवाल्यांना २३, भिजवलेल्यांना २१, आणि नुसतं कंपोस्ट पसरलेल्यांना २४. सहा कुंड्यांवरून शास्त्र होत नाही हे मलाही कळते, एखाद-दुसरं वांगं इकडे तिकडे होणारच, पण जर चहा म्हणजे जादू असती तर ती मला दिसायला नको होती का?

खरं सांगायचं तर यावर परदेशातही मतं फाटलेलीच आहेत. हा हवा सोडून करायचा प्रकार लोकांपर्यंत नेला तो अमेरिकेतल्या एलेन इंगहॅम या मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी, आणि तिकडच्याच वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या बागायतशास्त्रज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट सांगत आल्यात की रोग आटोक्यात आणायचे जे दावे होतात त्यांना पुरेसा आधार नाही. माझ्या डब्यावर मात्र सरळ छापलंय, 'सर्व बुरशीजन्य रोगांपासून मुक्ती'. भाऊ काटोलला असतो, संत्र्याची बाग आहे, त्यानं डबा हातात घेऊन विचारलं, "ताई, हे डिंक्यावर चालते का वं?" मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. डिंक्या म्हणजे फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूचं काम, खोडातून डिंक वाहून झाड बसते, तिथे या बादलीच्या भरवशावर राहायचं म्हणजे बाग घालवायची. तो पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १० लिटर पाणी, ते त्यानं तसंच चालू ठेवावं. डब्यावर असं छापणाऱ्याचा मला खरंच राग आला, कारण गच्चीवर माझं वांगं गेलं तर काही नाही, त्याची दहा वर्षांची झाडं आहेत.

मग फायदा कुठेच नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. माझ्याकडे लहान-मोठ्या चाळीस कुंड्या आहेत आणि घरचं कंपोस्ट वर्षाला जेमतेम दोन पोती निघते, भाऊ नाडेपच्या टाक्यातलं एखादं पोतं आणून देतो ते धरून. (नाडेप म्हणजे आपल्याच पुसदच्या नारायणराव पांढरीपांडेंनी काढलेली जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत, आपल्या विदर्भाला खत शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही तशी.) तर ७०० ग्रॅम कंपोस्टात चाळीसही कुंड्यांना थोडं थोडं पोचवायचं असेल तर पाण्यातूनच जमते. लटकत्या कुंड्या, जिथे वर कंपोस्ट पसरायला जागाच नाही, आणि ते जुने कोकोपीटवाले (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) डबे, ज्यात मुळातच काही जीव नसतो, त्यांच्यात पंधरा-वीस दिवसांत पानांचा रंग बदललेला मला नक्की दिसला. मोगऱ्याच्या एका मरतुकड्या डब्याला तर नवीन फूट आली. पण हे काम भिजवलेलं पाणीपण करते, हे विसरू नका.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती मी ठळक करून सांगते. कोथिंबीर, पालक, पुदिना, कच्चं खायचं काहीही, त्याच्यावर हे फवारू नका. गूळ घातला की चांगले जीवाणू वाढतात तसे वाईटही वाढतात, आणि कंपोस्ट नीट तापून मुरलेलं नसेल, शेण कच्चं असेल, तर ई-कोलायसुद्धा त्याच गुळावर पोसला जातो. अमेरिकेच्या सेंद्रिय मानक मंडळाच्या एका गटानं २००४ मध्येच यावर अहवाल दिला होता, त्याचा अर्थ थोडक्यात असा की असा गूळ घातलेला आणि तपासणी न झालेला चहा कच्च्या शेणखतासारखाच धरा, म्हणजे काढणीच्या ९० ते १२० दिवस आधीच काय ते वापरा. कोथिंबीर तर महिना-दीड महिन्यात तोडून तर्री पोह्यांवर जाते! माझ्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर कोण आहे माहितीये? हसरी बाई, हातात फवारा, समोर पालक.

नागपूरकरांसाठी वेगळा परिच्छेद, उन्हाळ्याचा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम, ४० अंशाला ६.४ च्या आसपास, आणि चहा नीट व्हायला ६ च्या वर राहावा असं म्हणतात. म्हणजे मे महिन्यात पंप कितीही ओरडला तरी काठावरच पास. मी नवतप्यात (मे अखेरचे ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) हट्टानं करून पाहिलं, बादली कूलरच्या मागे ठेवली, बर्फाची बाटली सोडली, दर तीन तासांनी बाटली बदलली, फ्रीजरमधले मटार त्यापायी वितळले, आणि बारा तासांत वास आलाच. ज्या गावात २०२४ च्या मेमध्ये हवामानाच्या स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले होते (नंतर म्हणाले सेन्सर बिघडला होता, पण बिघडायला कारण पाहिजे ना राजेहो), त्या गावात एप्रिल ते जून हे किट माळ्यावर टाकून द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ३६ ऐवजी ४८ तास लागले तर घाबरू नका. आणि टाकायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, भर उन्हात पानांवर फवारलं तर ते जीव तिथेच भाजून जातात.

जीवामृत का नाही, असं भाऊ विचारतोच दर वेळी. बरोबर आहे त्याचं. पद्मश्री सुभाष पाळेकर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, त्यांचं गणित २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, काडीनं सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, ४८ तासांनी तयार, लाइट लागत नाही, पंप लागत नाही. काटोलला गाय दारात आहे. मी मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर गोमूत्राचा ड्रम ठेवला तर सोसायटीची मीटिंग लागेल. एवढ्या एका कारणासाठी शहरातल्या माणसाला कंपोस्ट टी बरा पडतो, वास न येता होतो (जमला तर).

घ्यायचं असेल तर हे पूर्ण किट घेऊ नका. फिश टँकच्या दुकानातून दोन नळ्यांचा पंप, दोन स्टोन, नळी आणि तो २० रुपयाचा व्हॉल्व्ह घ्या, सगळं मिळून मला ५५० सांगितले, घरातली जुनी रंगाची बादली चांगली घासून, थैली मच्छरदाणीच्या कापडाची शिंप्याकडून शिवून. पुड्यांवर एक रुपया घालवू नका, माझ्या तीन अॅक्टिव्हेटरच्या अजून तशाच पडल्यात, कोणाला हव्या असतील तर येऊन घेऊन जा, फुकट. कुंड्या दहाच्या आत असतील तर हेपण नको, दोन मुठी कंपोस्ट वरून पसरा आणि मोकळे व्हा.

पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन पंपाचे आणि अर्धा थैलीचा. पुस्तिकेला शून्य, दुकानदाराला नवीन पंप दिला म्हणून देणार होते पण ३०० आठवले.

पंप सध्या पोरानं त्याच्या फिश टँकला लावलाय. ऑक्टोबरात परत मागितला तर देतो का पाहू, माशांची नावं ठेवून झालीत त्याची.